म्हातारी मेलीच कशी?

ये वं मने, सरक जवळ. कागदावरच सरक, पण सरक. पुण्याला गेल्यापासून आजीला फोन करतेस कधी, तर "आजी, तुमच्या काळातले चांगले सिनेमे सांग, यादी करायची आहे" म्हणायला! आधी माणसानं जेवलीस का विचारावं, गुडघे कसे आहेत विचारावं. गुडघे तसेच आहेत. आता यादी घे. यादीत एकच सिनेमा आहे, आणि तो मी झोपेत पाहिला.

हसू नको. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि मोताळ्याजवळच्या आपल्या गावात मीही नवीच सून होते. उठले की जातं, जात्यावरून शेण, शेणावरून पाणी, पाण्यावरून भाकरी, आणि भाकरी बांधून कापूस वेचायला शेतात. बसणं म्हणजे काय ते मला महिन्यातून एकदाच कळायचं, मलकापूरच्या टॉकीजमध्ये! तुझे आजोबा बाजाराला जाताना मला दुपारच्या खेळाला बायकांच्या दारात सोडायचे आणि खेळ सुटला की न्यायला यायचे. (स्वतः आत येत नसत. तिकीट काढून अंधारात बसायचं त्यांना पटत नसे. अंधार घरीही होता.)

ही परवानगी आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांची अट एकच. पाहिलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळा सांगायचा. आळीतल्या बायका जमायच्या. मी सांगायचे आणि त्या माझी तुरीची डाळ निवडायच्या. सिनेमा जितका रडका, तितकी डाळ जास्त! तेव्हापासून माझं मत पक्कं आहे बघ, दोन सुपं डाळ निघते तोच सिनेमा चांगला. गाणी-बिणी ठीक आहेत.

तर त्या खेपेला कापसाचे दिवस होते. अंगाचं पार चिपाड झालेलं. सिनेमात एक खाष्ट सासू होती, तिनं इंटरव्हलच्या आधी सुनेला घराबाहेर काढलं. मी डोळे पुसले, आणि पुसता पुसता ते मिटलेच! खांबाला डोकं टेकलेलं आठवतं. मग एक बाई मला हलवत होती.

"ऊठ वं माय! खेळ सुटला!"

"सुटला? अन् सुनेचं काय झालं?"

पण बाई केव्हाच दाराबाहेर! दारात तुझे आजोबा उभे. "कसा होता?" मी म्हटलं, "छान." (त्यात खोटं काही नव्हतं. तशी झोप मला लग्नानंतर लागलीच नव्हती.)

दुसऱ्या दिवशी ओसरी गच्च भरली. सुनेला घराबाहेर काढलं तिथपर्यंत मी जोरात होते. तिथं थांबले, तशा सगळ्यांच्या सुपातल्या डाळीही थांबल्या.

"मंग?" शेजारची गोदाबाई म्हणाली. "बाहेर काढली, अन् मंग?"

कोपऱ्यात वाती वळणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "सांग ना वं कमले, काऊन थांबली?"

झोपले म्हणावं, तर टॉकीज बंद! महिन्याचं एक बसणं, तेही गेलं! मी डोळे मिटून दिलं सोडून, "मंग सासू पडली बिमार. सून परत आली, तिनं सेवा केली."

"हाव?"

"हाव त! मंग सासूनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या, सुनेच्या हातात देल्ल्या, अन् म्हने, पोरी, लय थकली तू. आता तू बस. भाकरी मी टाकतो."

गोदाबाई हुंदके देऊन रडली. तीन सुपं डाळ निघाली! आणि आत्याबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "मले पायचा हाये हा सिनेमा."

ज्या बाईनं जन्मभर टॉकीजला लुच्च्यांचा अड्डा म्हटलं, ती बाई!

"आत्याबाई, लय गर्दी राह्यते तिथं."

"राहू दे."

"बाकड्यात ढेकूण हायेत."

"घरी काय कमी हायेत?"

मी देवाला म्हटलं, सिनेमा बदलू दे. पण मेला हलेचना! पुढच्या बाजाराला आम्ही दोघी बाकड्यावर. इंटरव्हलपर्यंत आत्याबाईंनी पडद्यावरच्या सासूला मनसोक्त शिव्या दिल्या. नंतर मी पहिल्यांदाच डोळे ताणून पाहिलं. सासू बिमार पडेना. किल्ल्या सोडेना. उलट सुनेच्या दुधात विष कालवायला निघाली, आणि विहिरीवर पाय घसरून आत! खलास! बायकांनी टाळ्या पिटल्या.

आत्याबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर, हिरोएवढी!

"थांबव रे बाप्पा! म्हातारी मेलीच कशी? किल्ल्या द्याच्या राह्यल्या ना!"

बॅटरीवाला धावत आला. "आजी, खाली बसा."

"काऊन बसू? माह्या सुनेनं पायला थो दाखव! आमच्यासाठी फाटका आनला काय?"

पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. खेळ थांबला, दिवे लागले, मॅनेजर हात जोडून आला. "बाई, म्हातारी रोजच मरते हो. मी काय करू?"

"माही सून खोटं बोलते काय? सांग वं कमले, देल्ल्या होत्या का नाही किल्ल्या?"

सगळी टॉकीज माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून म्हटलं, "देल्ल्या होत्या."

"कापला असन!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि बायकांची निम्मी बाजू उठून उभी राहिली! शेवटी मॅनेजरनं कंपनीला कागद लिहितो म्हणून शपथ घेतली, तेव्हा आम्ही बाहेर आलो.

एसटीत आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या. तुझे आजोबा पुढच्या सीटवर. मी मनातल्या मनात टॉकीजला हात जोडून घेतले. मोताळा आलं, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "कुठून झोपली होती?"

आता लपवून काय उपयोग? "इंटरव्हलपासून."

"बरं झालं. जागी असती त तूही मारली असती म्हातारीले." मग पदर सावरून म्हणाल्या, "पुढच्या बाजारी जाजो. अन् झोपजो."

त्या दिवशी भाकरी त्यांनी टाकल्या. सगळ्या करपल्या. मी बसून खाल्ल्या. (किल्ल्या? त्या कमरेलाच राहिल्या. सिनेमा तो सिनेमा!)

पुढं जन्मभर मी आळीत सिनेमाची मोठी जाणकार म्हणून मिरवले, आणि निम्मे सिनेमे मला अजून माहीत नाहीत. आताचे तर बघवतच नाहीत. इतका दणदणाट, की डोळा लागत नाही. डोळा लागत नाही, तर गोष्ट चांगली होणार कशी?

तेव्हा तुझी यादी ठेव बाजूला आणि लवकर ये. चार पायली तूर भरडून पडली आहे, आणि काल टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. मला फार छान झोप लागली!