बबनभाऊंची जोड

बबनभाऊ व्हॉल्व निवडायला लागले, की बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. अँप्लिफायरमध्ये बसणाऱ्या त्या काचेच्या नळ्या, औषधाच्या बाटलीएवढ्या. एक उचलायची, उन्हाकडे धरायची, नखाने टिचकी मारून कानाशी न्यायची, खाली ठेवायची आणि पुन्हा तीच उचलायची. पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो, तर विक्रेते त्यांना लांबूनच पाहून सुस्कारे टाकू लागले.

मंचरला त्यांचे लाउडस्पीकरचे दुकान होते. मी निरगुडसरच्या शाळेत मास्तर, आणि यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, माइकवरून पुकारणारा. घाटात उतरलेल्या माणसांना ओरडून बाजूला काढायचे कामही माझेच. मशीन मात्र बबनभाऊंचे.

"काचंला आतून चांदी दिसती का बघा," ते मला शिकवायचे. "चकचकीत पाहिजे. पांढरी पडली, म्हंजी आत वारं शिरलं. मग देखणा असला तरी ठेवा खाली." आउटपुटला दोन व्हॉल्व लागतात, आणि ती जोड जुळवण्यात त्यांचा खरा जीव. "एक ओढतोय आन् दुसरा नुसताच पळतोय, असली जोड गाड्याला चालत न्हाई, मास्तर. मशीनला कशी चालंल?"

पण जुळलेली जोडही त्यांना पचायची नाही. चार दिवसांत हात शिवशिवायचे. "बरी हाय. पण हिच्यापरीस बरी असंलच की कुठंतरी!" त्यांच्या बायको हिराबाई एकदा चहा देताना म्हणाल्या, "माझं नशीब थोर. बायको बदलायचं तेवढं ह्यांना सुचलं न्हाई."

त्या वर्षीच्या यात्रेत सकाळीच त्यांनी चालती जोड काढली आणि जुन्या बाजारातली नवी बसवली. मी म्हटले, "भाऊ, चाललंय ते चालू द्या ना." ते ऐकतील तर शपथ. "आवाज ऐका, राव. साखर!" आणि खरोखर, माझा घोगरा आवाज मलाच गोड लागला.

दुपारी त्यातल्या एका व्हॉल्वच्या आतला पत्रा इंगळासारखा लाल झाला आणि भोंगे मुके झाले. मी माइकवर ओरडत राहिलो, पण शेजारच्यालाही नीट ऐकू जाईना. खाली झेंडा पडला, बारी सुटली, बैल गाडा घेऊन उधळले. आणि घाटाच्या मधोमध एक म्हातारबाबा धोतर सावरत निवांत चालले होते.

जुनी जोड बबनभाऊंच्या हातात होती. पण व्हॉल्व तापून आवाज फुटेपर्यंत बारी वर येऊन जाते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? त्यांनी ती तिथेच टाकली आणि घाटात उडी घेतली. म्हातारबाबांना कडेला ढकलले. गाड्याचे चाक त्यांच्याच पायावरून गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये, आणि माणूस खाटेवर नुसता तळमळत होता. लोक वाहवा करत होते, त्याने ते आणखीच भडकले. "कवतिक कसलं करताय? सकाळी चांगली जोड काडली कुणी? मीच ना! म्हातारा गेला असता तर कुणाला तोंड दावलं असतं मी?"

पुढच्या यात्रेत ते लंगडत आले ते ट्रान्झिस्टरचे मशीन घेऊन. वर आणखी एक तसलेच जोडून तयार ठेवलेले, बटण दाबले की बोलणारे. आवाज असा, की पत्र्यावर खडे ओतावेत. ती त्यांची शेवटची यात्रा ठरली. त्या हिवाळ्यात ते गेले.

त्या यात्रेत घाटावर मी त्यांना विचारले होते, "भाऊ, व्हॉल्वचा नाद सुटला म्हणायचा?"

"सुटतोय कशाचा! घरी लावल्यात. हिरा भजनं ऐकती." ते म्हणाले, पण नजर घाटावरून हलेना. "तिथं बंद पडलं, तर एक अभंग बुडंल. कुणाच्या अंगावर बैल येत न्हाईत. तुमी पुकारा, मास्तर. ती पोरं बघा, अजून मधीच हायेत."