खैरगुड्याचे अडतीस मोह

खैरगुड्यात मोहाच्या झाडाला नाव असतं. नाल्यावरचा, वाकड्या, दोघी जावा, मास्तरचा. अशी अडतीस झाडं गावालगतच्या जंगलात आहेत, आणि कोणतं झाड कोणत्या घराचं हे लेकराबाळांनाही पाठ. पण फूल पडलं म्हणून कुणी लगेच उचलत नाही. आधी पंडुम व्हायचा, म्हणजे नव्या फुलाचा पहिला मान देवाला. घरच्या बाईनं आपल्या झाडाचं पहिलं फूल आणून ठेवायचं, त्यानंतरच टोपल्या बाहेर निघायच्या.

दिव्या मडावीच्या घरचं झाड नाल्यावरचं. तिची आई नीलाबाई आणि भाऊ अंकुश, गावातल्या अर्ध्या घरांसारखे, मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. मागच्या वर्षी फोनवर कुणी सांगितलं, अजून आठवडा आहे. कुणी म्हणालं, पडायला लागलं. नीलाबाई पोचली ती दोन दिवस उशिरा. पहिलं फूल शेजारणीनं ठेवलं होतं. एरवी गात गात फुलं वेचणारी ती त्या वर्षी एकदाही गायली नाही. दिव्याला ते फार लागलं.

दिव्या राजुऱ्याला राहून संगणकाचा डिप्लोमा करून आलेली. तिनं विचार केला, आईला सांगायचं कशाला, दाखवायचंच. आईनं कळी नुसती पाहिली तरी किती दिवस उरले ते तिला कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकून पाहिले, पण सुप्रभाताच्या गुलाबांखाली मोह गडप झाला. तेव्हा राजुऱ्याच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेल्या जुन्या संगणकावर तिनं एक पान बनवलं. अडतीस झाडं, अडतीस नावं, प्रत्येकापुढे आजचा फोटो. रोज सकाळी ती रानात फिरायची आणि परत येऊन फोटो चढवायची.

पान तयार झालं. अंगणात उभं राहून तिनं मोबाइलवर उघडलं, तर झर्रकन आलं. पत्रूआजाला दाखवलं. पत्रूआजा म्हणजे तिच्या वडिलांचा काका आणि गावचा भूमक. पंडुमचा दिवस तोच ठरवतो. त्यानं बोट फिरवत सगळी झाडं पाहिली आणि वाकड्या फोटोत सरळ दिसतो अशी तक्रार केली. दिव्यानं लगेच अंकुशला पत्ता पाठवला.

तिकडे मात्र नुसती पांढरी पाटी. अंकुशला नीट टाइप करता येत नाही म्हणून दिव्यानं त्याला दोन दिवस फैलावर घेतलं. तिसऱ्या दिवशी टेकडीवर, जिथे मोबाइलला रेंज येते, तिनं सहज पान उघडलं आणि तिच्याही समोर तीच पांढरी पाटी आली. इतके दिवस तिचा मोबाइल घरच्याच वायफायवरून घरच्याच संगणकाशी बोलत होता. स्वयंपाकघरातून ओसरीवर हाक मारायची आणि तेलंगणाला ऐकू गेली म्हणायचं, तशातली गत. अंकुशला फोन करून तिनं चूक कबूल केली. तो इतका हसला की शेवटी आईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

मग तिनं राउटरची सेटिंग उलटीपालटी केली. काही होईना. लाइन टाकून देणाऱ्या गडचांदूरच्या माणसाला विचारलं, तेव्हा कळलं की इंटरनेटवर साठ घरांना मिळून एकच पत्ता आहे. बाहेरून कुणी आलंच, तर नेमकं दिव्याच्या दारात त्याला सोडायचं कसं? वेगळा पत्ता मिळायला महिना लागणार होता. मोह तेवढा थांबणार नव्हता.

संध्याकाळी ती पायरीवर गाल फुगवून बसली. पत्रूआजानं विचारलं, तेव्हा साठ घरांची सगळी कथा तिनं सांगितली.

"मंग तू काऊन घरीच बसून राह्यली?" आजा म्हणाला. "आपल्या गावाले एसटी येते का? नाई. पाव्हण्याले वाट सापडत नाई, तं आपूनच फाट्यावर जाऊन उभे राह्यतो. अन् त्याले घेऊन येतो."

 दिव्या उठली आणि थेट संगणकापुढे जाऊन बसली.

बाहेरून आत येता येत नव्हतं, पण आतून बाहेर जायला कुणाची मनाई होती? इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर तिनं थोडी जागा घेतली. तोच तिचा फाटा. घरच्या संगणकानं आपण होऊन तिथवर जायचं, जोडणी धरून उभं राहायचं, आणि पान बघायला जो येईल त्याला त्याच वाटेनं घरी आणायचं. जेवणं व्हायच्या आत काम जमलं. या वेळी मोबाइलचं वायफाय बंद करून ती आधी टेकडीवर गेली. पान उघडलं. तिनं अंकुशला फोन लावला.

पलीकडे अंकुशनं पान उघडून आईला दाखवलं. मग नीलाबाईचा आवाज आला. "कळीच्या टोकाले पांढरं दिसून राह्यलं. पाच दिवसानं पडंन. आजाले सांग, आमी निंघतो."

पत्रूआजानं सहावा दिवस धरला. चौथ्या दिवशी दिव्या फाट्यावर जाऊन उभी राहिली. एसटी थांबली तशी खैरगुड्याची अर्धी वस्ती बोचकी घेऊन खाली उतरली. प्रत्येकानं आपापलं झाड मोबाइलवर पाहिलं होतं. दोघी जावांत आधी कोण फूल टाकणार यावरून तर बसमध्येच पैज लागली होती.

नीलाबाई सर्वांत शेवटी उतरली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाडाखाली झाडलं नाई तुनं. पालापाचोळा तसाच हाये. मले फोटोत दिसते सगळं."

पंडुमच्या सकाळी नाल्यावरच्या मोहाचं पहिलं फूल नीलाबाईनंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिव्या फोटो काढायला निघाली, तर नाल्याकडून आईचं गाणं येत होतं. तिनं मोबाइल खिशात टाकला, टोपली उचलली आणि त्या बाजूला वळली. त्या दिवशी नाल्यावरच्या मोहापुढे पानावर कालचाच फोटो राहिला.