अडुळशाची चांदी

आमच्या नारायण पेठेतल्या सोसायटीच्या फाटकाशी अडुळसा आहे. दर सोमवारी एक मुलगी यायची, झाडाला नमस्कार करायची आणि पानं तोडायची. केसांत पेन खोचलेलं, प्रत्येक पान ओढणीला पुसून पिशवीत.

"एवढा खोकला कुणाला झालाय?" मी पुणेकर असल्यामुळे विचारलंच.

"खोकल्याला नाही, काका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत या पानांच्या काढ्यात चांदीचे कण तयार करतेय, जखमेच्या पट्टीसाठी. चांदी जंतू मारते."

चांदी म्हटल्यावर मी सोसायटीच्या वतीनं सावध झालो. ती हसली. "दिसायची नाही हो. चांदी इतकी बारीक झाली, की चमकायचं सोडते आणि कामाला लागते."

माझ्या बाबतीत दोन्ही राहून गेलंय, असं बायकोचं मत आहे.

अडचण एकच होती. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसायचे. या खेपेलाही बसले, तर तिला अडुळशाऐवजी दुसरं झाड धरून सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं.

गेल्या सोमवारी ती पळतच आली. हातातल्या बाटलीत कोऱ्या चहासारखं पाणी. "काका, आठवडा झाला. तळाशी काही दिसतंय? मला बघवत नाही."

मी चष्मा लावून पाहिलं, मग माझ्याबरोबर फाटकाशी आलेल्या बायकोनं पाहिलं. ती म्हणाली, "काही नाही गं. तळ स्वच्छ आहे."

तिनं बाटली बायकोकडे दिली, माझे दोन्ही हात धरले आणि फाटकातच फुगडी सुरू केली. पोट सांभाळत मीही फिरलो.

"अहो, वय बघा," म्हणत बायको बाटली छातीशी धरून हसत सुटली.

शेवटी मी गरगरून पायरीवर बसलो. बाटलीच्या तळाशी मात्र अजून काहीच बसलं नव्हतं.