कुंकू लावलेला पहारेकरी

पहारेकरीच लबाड असेल, तर चोर म्हणून तो कुणाकडे बोट दाखवेल?

बंगळूरच्या चिकपेट बाजारातल्या साड्यांच्या एका घाऊक दुकानात त्याने सरोजाकडे बोट दाखवलं. मी पोचले तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर चपला घालून, पर्स खांद्याला लावून उभी होती. ती तिथली कंप्युटर ऑपरेटर. आदल्या दिवशी मालकांनी, म्हणजे माणिकअण्णांनी, सगळ्या नोकरांसमोर तिला सांगितलं होतं की उद्यापासून येऊ नको. ती तरीही आली होती. "इंजिनियर काय सांगतो ते ऐकूनच जाईन," म्हणाली. इंजिनियर म्हणजे मी, बाई निघाले, एवढाच फरक.

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरातली भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड मुरलेली. गादीवरून उठून त्यांनी मला मॉनिटर दाखवला. लाल पट्टी उघडझाप करत होती : 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहेत. आले कुठून : ए ड्राइव्ह.'

व्हायरस म्हणजे चोरून शिरणारा प्रोग्रॅम. तो बहुतेक वेळा फ्लॉपीवरून एका मशीनमधून दुसऱ्यात जातो. फ्लॉपी घालायच्या खाचेला ए ड्राइव्ह म्हणतात. त्या दुकानात ती खाच वापरणारी एकटी सरोजा. संध्याकाळी ती जे. पी. नगरला कंप्युटरच्या क्लासला जायची आणि जेवणाच्या सुट्टीत क्लासच्या फ्लॉपीवर सराव करायची.

"बघा," अण्णा म्हणाले, "हिच्या शिकण्यापायी माझा धंदा आजारी पडला."

"हे व्हायरस पकडणारं सॉफ्टवेअर कुणी घातलं?"

"मी. आयुधपूजेला."

आयुधपूजा इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. बस, लेथ, शिलाई मशीन, जे पोटाला देतं त्याची पूजा. त्या दिवशी त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. कंप्युटरही त्यात आला. मॉनिटरला हार घातला होता, कीबोर्डवर अजून कुंकू होतं. पूजेच्या आधी एक विक्रेता फुकटची फ्लॉपी देऊन गेला होता. अण्णांनी ती कंप्युटरसमोर ठेवून तिला हळदकुंकू लावलं आणि पूजेनंतर मुहूर्त म्हणून मशीनमध्ये घातली. त्या प्रोग्रॅमला आपण पहारेकरी म्हणू. तो व्हायरस दाखवायचा फुकट. काढायचे असतील तर पूर्ण प्रोग्रॅम विकत घ्या म्हणायचा. विक्रेता त्याच दुपारी येणार होता.

गल्ल्यावरचा फोन वाजला. इथल्याच शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसातून माझे साहेब, शेट्टी सर.

"मॅडम, फॉरमॅट मारो, साइन लो, वापस आओ."

"सर, पहले देखना पडेगा कि व्हायरस है भी या नहीं."

"स्क्रीन पे लिखा है ना?"

फॉरमॅट म्हणजे डिस्क सगळी पुसून कोरी करणं. त्यात पहारेकरी गेला असता, पण सरोजाची नोकरीही गेली असती. कुणी विचारलं असतं, तर दाखवायला काही उरलंच नसतं. आमच्या घरात चळवळीची पत्रकं छापली जायची. शाईच्या वासात मी एक गोष्ट बाराखडीबरोबर शिकले : आरोप करील त्याने पुरावा द्यावा. कंप्युटरनेसुद्धा. मी फोन ठेवला.

सरोजाची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली आणि पहारेकऱ्याला तपासायला सांगितलं. पट्टी सरसर पुढे सरकली. 'व्हायरस सापडले.' पण काहीतरी चुकत होतं. फ्लॉपी वाचताना ड्राइव्ह घरघरतो, पुढचा दिवा लागतो. इथे ना आवाज, ना उजेड.

"अण्णा, नवी फ्लॉपी आहे?"

त्यांनी कपाटातून सीलबंद डबा काढला, स्वतः फोडला. कोरी करकरीत फ्लॉपी. पहारेकऱ्याने तिच्यातही व्हायरस शोधले.

"कारखान्यातूनच आले असतील," अण्णा म्हणाले.

"सरी, ठीक आहे. मग आता ही बाहेर काढा आणि परत तपासा."

"आत काही नसताना?"

"तुम्हीच दाबा बटण."

त्यांनी दाबलं. पट्टी सरकली. रिकाम्या खाचेत व्हायरस सापडले, अगदी आधीइतकेच! अण्णांनी वाकून खाचेत डोकावून पाहिलं. मागे साड्यांच्या घड्या घालणारा एक नोकर हसला आणि लगेच खोकला.

"हा तपासतच नाही," मी म्हटलं. "नुसता ओरडतो."

आयकॉन डिलीट केला. मशीन परत सुरू केलं. पहारेकरी परत हजर! म्हणजे तो आणखी कुठेतरी लपला होता. विंडोजमध्ये तारखेवरून फाइली शोधता येतात. आयुधपूजेची तारीख घातली. एरवी अशा शोधात बिलं, स्टॉक, पत्रं असा ढीग वर येतो. पण त्या दिवशी दुकानात कुणी मशीनला कामाला लावलंच नव्हतं. वर आल्या त्या मूठभर फाइली, सगळ्या पहारेकऱ्याच्या. एकीने तर विंडोजच्या फाइलीसारखं नाव घेतलं होतं. अण्णांच्या मुहूर्तानेच चोर उघडा पाडला.

"पुसते आता."

"स्वल्प थांबा," अण्णांचा हात वर आला. "पूजेला लावलेली वस्तू आहे. पुसायची कशी?"

याचं उत्तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. पायरीवरून सरोजा म्हणाली, "अण्णा, पूजेची फुलं दुसऱ्या दिवशी ठेवता का? निर्माल्य झालं समजा."

अण्णांनी हात खाली घेतला.

आधी साड्यांच्या स्टॉकची कॉपी काढून ठेवली. मग माझ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, म्हणजे पहारेकरी जागा होण्याआधीच त्याला गाठता येतो. त्या फ्लॉपीची खिटी सरकवलेली होती, म्हणजे तिच्यावर कुणी काही लिहू शकत नाही. सगळ्या फाइली पुसल्या. मशीन सुरू होताना काय काय चालवायचं हे जिथे लिहिलेलं असतं, तिथली त्याची ओळही काढली. मग खऱ्या अँटी-व्हायरसने तपासलं. आता ड्राइव्ह छान घरघरला. मशीन स्वच्छ. सरोजाची फ्लॉपीही स्वच्छ.

"झालं तर," अण्णा पुटपुटले. "सरोजा, ये आत."

ती हलली नाही. "काल सगळ्यांसमोर बोललात, अण्णा. आजही सगळ्यांसमोर बोला."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अण्णांचे कान लाल झाले. पण माणूस सरळ. त्यांनी नोकरांना बोलावलं आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत सांगितलं, "चूक माझी. हिची नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चपला काढ की आता. बिलं खोळंबलीत."

दुपारी विक्रेता आला. सरोजाने त्याला खुर्ची दिली आणि म्हणाली, "सर, रिकामा ड्राइव्ह तपासून दाखवता का?" तो चहालाही थांबला नाही. संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या दुकानांतही सांगून आली होती. उशीर केला म्हणून शेट्टी सरांनी मला झापलं, पण आता कुणी फॉरमॅट मागितला, की तेच आधी विचारतात, "ड्राइव्ह घरघरता है क्या?"

धडा छोटा आहे. मशीन भीती दाखवतं आणि त्याच तोंडाने औषध विकतं, तेव्हा औषध नको, पुरावा मागा.

तुमच्या ऑफिसातही असा पहारेकरी असेल. उद्या गेल्यावर पहिलं काम हे करा : फ्लॉपी बाहेर काढा, त्याला रिकामा ड्राइव्ह तपासायला लावा आणि कान देऊन ऐका. आणि त्याच्या शब्दावर कुणाला घरी पाठवलं असेल, तर त्या माणसाला परत बोलवा. सगळ्यांसमोर.