केंद्राशी शून्य

नाना गेले तेव्हा भेटायला आलेले लोक त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलत होते. मला मात्र त्यांचं शिकवणं संपलं ती मे महिन्यातली सकाळ आठवत होती.

माझे वडील धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी होळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. डाव्या हाताने लिहायला ते हट्टाने शिकले. जूनमध्ये त्यांना वर्गावर जायचं होतं. प्राचार्यांनी त्यांच्याच विभागातल्या एका तरुण सरांना सांगितलं, "एकदा घरी जाऊन बघा आणि मला कळवा."

हे सर आमच्याकडे नेहमी यायचे ते भांडायलाच. ओसरीत शिकवणीचा फळा होता. नाना एखादं गणित सोडवायचे आणि सर म्हणायचे, "सर, हे फार लांबून आलात. चोपड्याला जायला मालेगावची गाडी धरलीत." नाना म्हणायचे, "तुमच्या जवळच्या रस्त्याला पूल नाही, त्याचं काय?" बरोबर उत्तरावरही ते तासभर वाद घालत. आई चहा ठेवायची आणि दोघांनाही बोलायची.

त्या सकाळी सर खुर्चीच्या कडेवर बसले. "सर, काहीतरी करून दाखवा ना. तुमच्या आवडीचं."

नानांनी गोलाचं गणित घेतलं. भरीव गोल, त्यातला विद्युतभार सगळीकडे सारखा नाही. मध्याशी काहीच नाही, बाहेर जावं तसा दाट होत जातो. गोलाच्या आतल्या एखाद्या बिंदूशी विभव किती? मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. हे गणित मी त्यांच्याच तोंडून शिकले होते. विभव म्हणजे उंची समजा, ते सांगायचे. दुरून एक छोटा भार उचलून त्या जागी आणायला किती श्रम पडतात, ते मोजायचं. आणि दर वर्षी वर्गाला बजावायचे: "आत शिरलात की बाहेरच्या थरांचा जोर लागत नाही. म्हणून त्यांना सोडून देऊ नका. आतल्याची उंची त्यांनीही वाढवलेली असते."

खडू वाकडा चालत होता, पण गोलाबाहेरचं उत्तर बरोबर आलं. पृष्ठभागावरचंही आलं. मग ते आत शिरले. आतल्या बिंदूपर्यंतचा भार घेतला, अंतराने भागला आणि खाली रेघ ओढली. बाहेरचे थर राहिले होते. पृष्ठभागावर दोन्ही उत्तरं जुळतात, त्यामुळे ही चूक चटकन दिसत नाही. केंद्राशी शून्य येत होतं. खरं तर तिथे विभव सगळ्यात जास्त असतं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनाही चूक दिसली होती.

आई दाराशी पदर धरून उभी होती. "बठ्ठं बरोबर शे ना, भाऊ?"

"बठ्ठं बरोबर शे, वहिनी," ते म्हणाले. मग नानांना, "छान झालं, सर."

नाना वळले. त्यांच्याकडे बघत राहिले.

"वाद... नाही?"

"कशाचा वाद, सर? सगळं बरोबरच आहे."

नाना पुन्हा फळ्याकडे वळले. एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली गेले, परत वर आले. चूक त्यांना सापडत नव्हती. ती आहे, एवढं मात्र त्यांना कळलं होतं. त्यांनी खडू सरांपुढे धरला.

"कुठे?"

सर उठले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "बाहेरचे थर, सर," ते हळूच म्हणाले.

नानांनी मान हलवली. म्हणाले, "सांगा प्राचार्यांना. मी... येत नाही."

"काय बोली राह्यनात तुम्ही?" आई पुढे आली. "भाऊनी आत्तेच सांगं ना, बठ्ठं बरोबर शे!"

सर चपला घालून गेले. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खुर्ची जवळच होती, पण त्यांचं सगळं वजन एकाच बाजूने माझ्यावर येत होतं आणि मध्ये एकदा आम्हाला थांबावं लागलं.