घळीच्या तोंडावरून

माझ्या रूम पार्टनरइतका भित्रा माणूस अख्ख्या कतारमध्ये सापडणार नाही, हे मी त्याच्या तोंडावर अनेकदा बोललो आहे. बांधकामाच्या साइटवर तो सेफ्टी ऑफिसर, पण दोहाच्या नजमा भागातल्या आमच्या खोलीतही त्याची ड्यूटी संपत नसे. गॅसचा नॉब तीनदा बघायचा, आणि आमटीला फोडणी देण्याआधी "मागे सर, तेल उडतंय" ही सूचना ठरलेली. रत्नागिरीच्या या गृहस्थाने तिशीपर्यंत बर्फ पाहिला तो सरबतात. तरी दर जानेवारीला हा जॉर्जियाच्या डोंगरांत जायचा आणि झाडांमधल्या अरुंद, उभ्या घळींतून, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात स्कीवरून उतरायचा. असा बर्फ कधी सुटून माणसाला गाडेल याचा नेम नसतो. म्हणून आधी तो मला समैस्माच्या किनाऱ्यावर नेई, अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं छोटं यंत्र वाळूत पुरी आणि घड्याळ लावून शोधायला लावी. मी कधीच सोबत जाणार नव्हतो, हा मुद्दा त्याला मान्य नव्हता. एकदा मला वीस मिनिटं लागली. "पंधराच्या वर गेलास. माणूस खलास," म्हणाला आणि त्याने यंत्र पुन्हा वाळूत पुरलं.

गेल्या वर्षी जाताना त्याने बजावलं, "दोनपर्यंत 'उतरलो' असा मेसेज येईल. तीनपर्यंत नाही आला, तर गाइडच्या ऑफिसला फोन लाव. आईला नको."

मी मुशैरिबच्या ऑफिसात होतो. दोन वाजले, अडीच वाजले. मेसेज नाही. पावणेतीनला फोन वाजला, तो नेमका त्याच्या आईचा. "फोन उचलत नाय तो. साइटवर हाय काय रे?"

"हो काकू, मोठं काम चाललंय," मी म्हणालो. गाइडचा नंबर काढून मी घड्याळाकडे बघत बसलो.

तीनला दोन मिनिटं असताना त्याचा फोन आला. "उतरलो नाही रे." घळीच्या तोंडाशी त्याने फावड्याने खणून पाहिलं, तर वरचा थर लादीसारखा सुटून हातात आला. त्याने सगळ्यांना माघारी फिरवलं. बरोबरचे चिडले, नाही नाही ते बोलले. डोंगराच्या दांड्यावरून चालत यायला चार तास लागले, रेंज नव्हती. "अर्ध्या वाटेत मागे ती घळ सुटली. झाडं मोडल्याचा आवाज आला," एवढं बोलून तो रडायला लागला.

त्याला घ्यायला मी विमानतळावर गेलो. ज्या भीतीला इतकी वर्षं हसलो, तिची आठवण येऊन लाज वाटत होती. आमच्यात तशी पद्धत नाही, पण मी त्याला मिठी मारली.

"अरे सोड, मेलो नाय मी."

"माहितीय," मी म्हणालो, पण सोडवेना.