रिकामं पारडं

एका गोलाकार तारकागुच्छावर माझी पीएच.डी. चालली होती. लाखो ताऱ्यांचा असा गुच्छ एकाच वेळी जन्मतो, असं मी नांदेडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले आणि स्वतः संशोधनाला बसले तेव्हा कळलं, तसं न्हाई. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवला की मध्ये काळ्या रेषा दिसतात. त्यातली सोडियमची रेषा काही ताऱ्यांत फिकी, काहींत ठळक, म्हणजे एकाच घरात दोन पिढ्या. मला तर तिसरीही सापडली होती, सोडियमनं ठासून भरलेली. तीन वर्षांची मेहनत त्या तिसरीवरच उभी होती, आणि प्रबंध द्यायला महिना उरला होता.

सुट्टीत लातूरला गेले. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान आहे. काटा आता इलेक्ट्रॉनिक, तरी सकाळी रिकाम्या पारड्यावर शून्य बघितल्याशिवाय ते पहिलं गिऱ्हाईक घेत न्हाईत. शून्य नसलं तर जुन्या तराजूचा शब्द वापरून म्हणतात, "पासंग हाय." मी गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडून बसले होते. काय करून राहिलीस म्हणाले, म्हणून सगळं सांगितलं.

"मग रिकामं पारडं कोणतं तुझं?"

"ताऱ्यांना कसलं पारडं, अण्णा?"

"ज्यात ते सोडियम न्हाईच, असा एखादा तारा. तो आधी बघावा का न्हाई?"

लई राग आला मला. कारण तसा तारा माझ्याकडं होता. त्याच गुच्छातला, इतका तापलेला निळा की त्याची स्वतःची सोडियमची रेषा जवळजवळ उमटतच न्हाई. बिनकामाचा म्हणून मी तो बाजूला टाकला होता. आता उघडला, तर रेषा होती, चांगली ठळक. ती ताऱ्याची नव्हतीच, वाटेतल्या वायूची होती. सोडियमची ही एक रेषा पिवळ्या रंगात ठळक उमटते, बाकीच्या बारीक असतात. अंधुक ताऱ्यांत त्या बारीक रेषा दिसत नव्हत्या, म्हणून तिथं मी ही पिवळ्यातलीच मोजली होती. माझी तिसरी पिढी म्हणजे नेमके तेच तारे.

साखरेच्या पोत्यावर बसून रडले. मग मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सारांशात तीन लिहून दिल्यात, मॅडम. आता कशाला उकरता? कोण बघतंय एवढं?"

"मी बघितलंय ना सर," मी म्हणाले, आणि मुदतवाढीचा अर्ज टाकला.

उत्तरपत्रिका, स्वयंपाक, तास सांभाळत एकेक तारा पुन्हा हातानं मोजला, फक्त बारीक रेषांवरून. ज्यांच्या रेषा दिसेनात ते तारे सोडून दिले. जीवावर आलं, पण सोडले. दोन पिढ्या राहिल्या.

तोंडी परीक्षेला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलंच विचारलं, "सारांशात तीन पिढ्या होत्या. तिसरी कुठं गेली?"

मी निळ्या ताऱ्याचा आलेख पडद्यावर लावला. पाठ केलेलं इंग्रजी उत्तर पार विसरले.

"ती नव्हतीच, सर. पासंग होता. मी बघितला नव्हता."

मागं अण्णा शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांना हळूच सांगत होते, "त्ये पडद्यावर हाय न्हवं, त्ये रिकामं पारडं."